पाठीवरचं सक्तीचं सामान : पेनाइन वेवरच्या हिवाळी शर्यतीची पार्श्वभूमी

दर जानेवारीत इंग्लंडमधल्या ईडेल गावातून धावपटू उत्तरेकडे निघतात. स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथोमला पोहोचायला त्यांना १६८ तास मिळतात. वाट पेनाइन वेची, अंतर २६८ मैल, म्हणजे साधारण ४३० किलोमीटर. घड्याळ झोपेतही थांबत नाही. ‘स्पाइन’ या नावाने ही शर्यत ओळखली जाते. बाहेरच्यांना त्यातलं अंतर थक्क करतं, पण भाग घेणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतो तो पाठीवरच्या पिशवीवरून.

वाटेचा इतिहास थोडक्यात सांगतो. ईडेलजवळच्या किंडर स्काउट या डोंगराच्या माळावर फिरायला सामान्य माणसाला मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो लोक तो मोडून वर चढले आणि त्यांच्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. १९३५ मध्ये एका वृत्तपत्रातल्या लेखाने उत्तर-दक्षिण अशा लांब पायवाटेची कल्पना मांडली, १९४९ मध्ये कायदा झाला आणि २४ एप्रिल १९६५ रोजी वाट रीतसर खुली झाली. तारीख तीच आहे, हे लक्षात घ्यावं.

त्याच्या आदल्या वर्षी घडलेली घटना मला या शर्यतीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटते. १४ मार्च १९६४ च्या शनिवार-रविवारी याच भागातल्या मूरवर, म्हणजे उघड्या दलदलीच्या डोंगरमाळावर, तरुण स्काउटांची (बालवीर संघटनेतल्या तरुणांची) सुमारे चाळीस मैलांची चालण्याची स्पर्धा होती. बर्फाचं वादळ वगैरे काही आलं नव्हतं. तापमान शून्याच्या थोडं वर, सोबत पाऊस आणि जोराचा वारा. तीन तरुण दगावले. त्यानंतर एका शरीरशास्त्रज्ञाने त्या रात्रीचा बारकाईने अभ्यास केला आणि तसेच कपडे घातलेल्या माणसांची थंड खोलीत चाचणी घेतली. निष्कर्ष आज साधे वाटतात, तेव्हा ते नवे होते. भिजलेल्या कपड्यांवर वारा आला की त्यांची ऊब जवळपास संपते. माणूस जोरात चालत असेपर्यंत शरीर स्वतःच्या उष्णतेवर तग धरतं, पण थकून वेग उतरला की तापमान झपाट्याने घसरतं. धोक्याची वेळ दमल्यानंतरची असते, आणि तेव्हा डोकंही नीट चालत नाही. याच घटनेनंतर पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली बचाव पथकं एका छत्राखाली आली.

स्पाइनच्या सक्तीच्या सामानाचा तर्क तिथूनच येतो. पूर्ण जलरोधक जाकीट आणि पँट, स्लीपिंग बॅग, उघड्यावर निजण्याचं आवरण, स्टोव्ह आणि इंधन, नकाशा, होकायंत्र, जीपीएस, हेडटॉर्च, खाणं. हे सगळं पाठीवर हवंच, वापरलं नाही तरी. बाकीचं सामान ड्रॉप बॅगमधून, म्हणजे आयोजक वाहून नेतात त्या पिशवीतून, पाच मुख्य चेकपॉइंटवर पुढे पोहोचतं. आक्षेप असा की वेगवान धावपटू थांबतच नाही, मग त्याने चूल का वाहायची? डोंगरावर धावणाऱ्यांच्या जुन्या परंपरेत ‘स्वतःची जबाबदारी स्वतःची’ हे मूल्य खोल रुजलेलं आहे, त्यामुळे यादी तपासणं काहींना अपमानास्पद वाटतं. धावपटूची जागा सतत कळवणारा ट्रॅकर आल्यावर हा सूर आणखी वाढला : प्रत्येक जण पडद्यावर दिसतोच आहे, तर बिछाना कशाला?

मला हा युक्तिवाद पटत नाही. ट्रॅकर जागा दाखवतो, ऊब देत नाही. मदत पायी येते आणि तिला तासन् तास लागू शकतात. त्या तासांसाठीच स्लीपिंग बॅग असते, आणि ज्याचा वेग उतरला तो आता ‘वेगवान’ राहिलेला नसतो. यादीतल्या एखाद-दुसऱ्या वस्तूवर मतभेद जरूर असावेत, मूळ तत्त्वावर नसावेत.

भूमीबद्दलही दोन शब्द. मूरवरचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, वजनाने जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं, त्यामुळे पायमोजे कोरडे ठेवण्याची आशा सुरुवातीलाच सोडावी लागते. वाट फार झिजल्यावर जुन्या कापडगिरण्यांच्या फरशा हेलिकॉप्टरने आणून दलदलीवर अंथरल्या गेल्या. काही जुन्या चालणाऱ्यांना ते रुचलं नाही. जानेवारीत त्याच फरशांवर बर्फाचा पातळ थर बसतो आणि दलदल बरी वाटू लागते. पुढे ८९३ मीटर उंचीचा क्रॉस फेल येतो. तिथल्या पूर्वेच्या वाऱ्याला ‘हेल्म’ असं खास नाव आहे. त्यात उजेड दिवसाचे जेमतेम आठ तास.

पहिली शर्यत २०१२ मध्ये झाली. ११ जण निघाले, ३ पोहोचले. २०१९ मध्ये एक धावपटू आई चेकपॉइंटवर थांबून बाळासाठी दूध काढत काढत ८३ तास १२ मिनिटांत सर्वांच्या आधी पोहोचली. पुरुषांसह सगळ्यांचा आधीचा विक्रम तिने बारा तासांनी मोडला आणि या शर्यतीचं नाव जगभर गेलं. त्याच वर्षी पुढच्या फळीतला एक कसलेला धावपटू शेवट काही मैलांवर असताना गारठला आणि त्याला मदतीचं बटण दाबावं लागलं. बातम्यांत ही दुसरी गोष्ट कोपऱ्यात राहिली, पण सामानाच्या वादात वजन तिलाच आहे.

२०२४ मध्ये शर्यतीचा विक्रमी वेळ ७२ तास ५५ मिनिटांवर आला. १९८९ मध्ये याच वाटेवर उन्हाळ्यात एकाने न झोपता ६५ तास २० मिनिटांत केलेली धाव २०२० पर्यंत अबाधित होती. सोळा तासांच्या रात्री, हिवाळा आणि पाठीवर सक्तीचं सगळं सामान एवढं धरूनही फरक उरला साडेसात तासांचा. ओझ्याने वेग मरतो, ही तक्रार निदान हे आकडे पाहून तरी जरा हळू आवाजात करायला हवी.