महाराष्ट्रातून इंदूरला येताय? नर्सिंगच्या नोकरीआधी नोंदणीचं बघा

लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे इंदूरला येणाऱ्या नर्सिंगच्या मुली पहिल्यांदा विचारतात, ‘जागा कुठं आहे?’ जागा असतात. बॉम्बे हॉस्पिटल, चोइथराम, अरबिंदो अशी मोठी नावं आहेत, शिवाय गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. गाडं अडतं ते नोंदणीवर. महाराष्ट्र परिचर्या (नर्सिंग) परिषदेचा आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका व सुईण म्हणून मिळालेला क्रमांक असला, तरी मध्य प्रदेशात नर्स म्हणून काम करायचं तर भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलमध्ये नाव लागलेलं हवं. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच मंडळाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलात तर नर्सची पदवी आणि नोंदणी तपासूनच तिला वॉर्डची जबाबदारी द्यायची, असा नियमच आहे.

याची सुरुवात इंदूरला नाही, मुंबईला होते. महाराष्ट्र परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ती एनओसी, घ्यावी लागते. तुमची नोंदणी खरी आहे, चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई प्रलंबित नाही, एवढं त्यातून दुसऱ्या राज्याला कळतं. ‘चालू आहे’ यातच गोम आहे. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे, तास दाखवावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशेबाने पाच वर्षांत १५०. मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण, मग एनओसी. म्हणून हे काम जुन्या नोकरीत असतानाच उरका. तिथलं हॉस्पिटल सीएनईची प्रमाणपत्रं सहज काढून देतं. राजीनाम्यानंतर त्याच कागदासाठी फोनवर फोन करावे लागतात.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तांदळात लिहिलेलं नवं नावही आधारवर चढतं. पाटील स्नेहल रमेश आणि स्नेहा अमोल जोशी ही एकच बाई आहे, हे भोपाळच्या ऑनलाइन अर्जाला कसं कळणार? मधलं नाव म्हणजे वडील की नवरा, हा प्रश्नही इथल्या कारकुनाला पडतो, कारण हिंदी मुलखात मधलं नाव लावायची अशी पद्धत नाही. माझं स्पष्ट मत: एनओसी आणि भोपाळची नोंदणी हाती येईपर्यंत आधारला हात लावू नका. मार्कशीटच्या नावानेच सगळं करून घ्या आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडीला ठेवा. आडनाव बदललं असेल तर बहुतेक ठिकाणी त्यावर भागतं. स्वतःचं नावच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते. ती महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावरून अर्ज करून होते. सासरच्यांना वाईट वाटेल म्हणून आधी आधार बदलणाऱ्या मुली पुढे पीएफच्या खात्यातही अडकतात, कारण यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, आधारशी जुळावा लागतो.

भोपाळचा अर्ज एमपी ऑनलाइनवरून भरतात, घराजवळच्या कियोस्कवरूनही भरता येतो. दहावी-बारावीच्या मार्कशीट, जीएनएम किंवा बीएस्सीच्या प्रत्येक वर्षाच्या मार्कशीट, पदविका किंवा पदवी, महाराष्ट्राचं नोंदणी प्रमाणपत्र, एनओसी, आधार, फोटो, सही एवढं स्कॅन करून जवळ ठेवा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता होती याचा कागद मिळाला तर तोही. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली आहे, तेव्हा मान्यतेचा कागद कधी कुणी मागेल सांगता येत नाही. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक, तोही काढून घ्या. कुटुंबाचा आठ आकडी, व्यक्तीचा नऊ आकडी. सुनेचं नाव सासरच्या समग्रमध्ये महापालिकेच्या झोन कार्यालयातून चढतं.

सरकारी नोकरीचा रस्ता वेगळा. राज्याच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी कर्मचारी निवड मंडळाची परीक्षा असते. लोक अजून त्याला ‘व्यापमं’ या जुन्या नावानेच ओळखतात. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलसारख्या ठिकाणी कायम पद हवं असेल तर त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. भोपाळच्या एम्ससाठी मात्र नॉरसेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. त्यात जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून जुन्या हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र घेताना त्यात खाटांची संख्या लिहून मागा. नुसतं ‘यांनी येथे समाधानकारक काम केले’ असलं पत्र तिथं कामाचं नाही.

जातीच्या दाखल्याबद्दल फार गैरसमज आहेत. महाराष्ट्राचा दाखला मध्य प्रदेश शासनाच्या भरतीत आरक्षणासाठी चालत नाही, आणि इथल्या मुलाशी लग्न केल्याने तो हक्क मिळत नाही; खुल्या गटातूनच अर्ज करावा लागतो. एम्सची पदं केंद्राची, तिथं केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो. ओबीसींनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, ते आधी पाहावं.

नोंदणी यायच्या आत कुणी ‘उद्यापासून या, कागद नंतर बघू’ म्हणालं, तर नेमणूकपत्रावर पद काय लिहिलंय ते वाचा. ट्रेनी किंवा सहायक लिहून पूर्ण वॉर्ड सोपवत असतील तर नाही म्हणा. इंजेक्शन चुकलं तर सही तुमची असते. आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणाऱ्यांना झेरॉक्स द्या, मूळ कागद फक्त दाखवा.

लॅब टेक्निशियन आणि फार्मासिस्ट यांना यातलं नावाचं आणि एनओसीचं बरंचसं लागू आहे, पण त्यांच्या परिषदा निराळ्या. फार्मासिस्टने १९४८ च्या फार्मसी कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे जायचं. तिचं कार्यालयही भोपाळलाच आहे.