झेड ड्राइव्हवरचं ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं कुठून?

ऑफिसातल्या शेअर्ड ड्राइव्हवरून, म्हणजे सर्व्हरवरचा जो सामायिक फोल्डर आपल्या पीसीवर झेड अशा अक्षराने दिसतो त्यावरून, होणारं एक ठरलेलं भांडण आहे. अकाउंट्सवाला म्हणतो फाइल उघडत नाही, आयटीवाला म्हणतो अरे कालच तुला परवानगी दिली, हे बघ तुझं नाव दिसतंय ना स्क्रीनवर, आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. विंडोज सर्व्हरवर असं का होतं हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी सर्व्हरला हात न लावता सुटतात. फाइल उघडताना विंडोज ‘आत्ता काय ठरलंय’ हे बघतच नाही, ते आधी कधीतरी बनलेल्या दोन याद्या काढतं आणि एकमेकींशी ताडून बघतं, एक माणसाची आणि एक फाइलची, आणि या दोन्ही याद्या शिळ्या असू शकतात.

आधी माणसाची यादी. तुम्ही लॉगिन केलंत की तुमच्यासाठी एक टोकन तयार होतं, सकाळी कंपनीच्या गेटवर मिळणाऱ्या पाससारखं, आणि त्यात तुमचा नंबर आणि तुम्ही ज्या ज्या ग्रुपात आहात त्या सगळ्यांचे नंबर असतात. नाव नसतं, नंबरच. याला एसआयडी म्हणतात. कंपनीच्या डोमेनमधला, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेतला, एसआयडी एस-१-५-२१ असा सुरू होतो, पुढे तीन लांबलचक आकडे त्या डोमेनचे आणि शेवटचा आकडा त्या माणसाचा. मूळ ॲडमिनिस्ट्रेटरचा शेवटचा आकडा कायम ५००, गेस्टचा ५०१, आणि आपण बनवलेली खाती १००० पासून पुढे. म्हणूनच एखाद्याने नोकरी सोडली, त्याचं खातं डिलीट केलं, नंतर तो परत आला आणि तुम्ही त्याच नावाने त्याच स्पेलिंगने नवीन खातं काढून दिलंत तरी त्याचे जुने फोल्डर उघडत नाहीत, कारण विंडोजच्या लेखी हा वेगळाच माणूस आहे. आणि जुन्या फोल्डरांच्या यादीत जिथे त्याचं नाव दिसायचं तिथे आता नुसता तो लांब नंबर दिसतो. लोक घाबरतात, हॅक झालं की काय म्हणून. तसं काही नसतं, नंबरमागचं नाव सांगणारं खातं उरलेलं नसतं एवढंच.

पास गेटवर बनतो, म्हणजे दुपारी कुणाला ग्रुपात टाकलं तर सकाळच्या पासवर तो ग्रुप येणार कसा? लॉग ऑफ करून परत लॉगिन केल्याशिवाय येत नाही. वर सांगितलेल्या भांडणात बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

आता फाइलची यादी, आणि खरी मजा इथे आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं आणि त्याच्याबरोबर एनटीएफएस ही फाइल सिस्टम आली, तिच्यात प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक फोल्डरला स्वतःची परवानगीची यादी असते, एसीएल. यादीत ओळी, प्रत्येक ओळीत एक नंबर, त्याला काय काय करता येईल, आणि ती ओळ द्यायची आहे की नाकारायची. विंडोज यादी वरून खाली वाचत जातं, मागितलेलं सगळं मिळालं की थांबतं, त्याआधी नाकारणारी ओळ लागली तर तिथेच दार बंद. यादीत कुणाचंच नाव नसेल तर कुणालाच प्रवेश नाही, पण यादीच जोडलेली नसेल तर सगळ्यांना सगळं मोकळं! रिकामी यादी आणि नसलेली यादी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहुतेकांची समजूत अशी असते की फोल्डरवर परवानगी लावली की आतल्या फाइली उघडताना विंडोज वरच्या फोल्डरकडे जाऊन विचारतं. विचारत नाही. तुम्ही फोल्डरवर परवानगी लावता त्या क्षणी ती ओळ खालच्या एकेका फाइलच्या यादीत कॉपी होत जाते, आणि उघडताना फक्त त्या फाइलची स्वतःची यादी बघितली जाते. इनहेरिटन्स इनहेरिटन्स म्हणतात ते प्रत्यक्षात हे कॉपीचं काम आहे. नव्वदीच्या दशकात ऑफिसाऑफिसांत नोव्हेल नेटवेअर असायचं, त्यात उलटं होतं, परवानगी एकाच जागी लिहिलेली असायची आणि खालच्या फाइलला ती लागू आहे का ते झाडावरून हिशेब करून काढलं जायचं. विंडोजने उघडणं स्वस्त ठेवलं आणि बदलणं महाग केलं. उघडणं दिवसातून हजारो वेळा होतं, बदलणं कधीतरी, त्यामुळे मला हा सौदा पटतो, पण त्याची किंमत आयटीवाला मोजतो.

किंमत कशी ते बघा. लाखो फाइली असलेल्या फोल्डरवर एक ग्रुप वाढवायचा म्हणजे लाखो याद्या बदलायच्या, आणि हे काम ज्या मशीनवरून तुम्ही कमांड दिलीत तेच मशीन करतं. आपल्या लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे केलं तर एकेका फाइलसाठी सर्व्हरपर्यंत हेलपाटे. सर्व्हरवरच जाऊन चालवलं तर खूप लवकर होतं. आणि कंटाळून मध्येच कंट्रोल सी दाबून थांबवलं तर अर्ध्या फाइलींना नवी यादी आणि अर्ध्यांना जुनी, मग ‘काही फाइली उघडतात काही नाही’ अशी विचित्र तक्रार येते आणि कुणाला काही कळत नाही.

दुसरं म्हणजे मूव्ह. एचआरच्या फोल्डरमधली शीट त्याच ड्राइव्हवरच्या कॉमन फोल्डरमध्ये कमांड लाइनवरून मूव्ह केली तर फाइल जागची हलत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो, आणि तिची यादी एचआरचीच राहते. शीट सगळ्यांना दिसते, उघडते फक्त एचआरवाल्यांना. तीच शीट कॉपी केली तर नवीन फाइल जन्माला येते आणि ती कॉमनची यादी घेते. उलट दिशेने हे जास्त धोक्याचं, कॉमनमधली फाइल एचआरमध्ये मूव्ह केली की ती सगळ्यांना उघडीच राहते, आणि वरच्या फोल्डरला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण विंडोजमध्ये डिफॉल्टने वाटेतल्या फोल्डरांची तपासणी टाळायचा हक्क सगळ्यांनाच दिलेला असतो. पूर्ण पाथ माहीत असलेला माणूस थेट फाइलपर्यंत पोचतो.

हे सगळं बघायला आणि दुरुस्त करायला जी कमांड आहे तिची अक्षरं आय-सी-ए-सी-एल-एस, बोलताना लोक आयकॅकल्स म्हणतात. विंडोज व्हिस्टाच्या काळात आली, त्याआधी नुसतं कॅकल्स होतं. कमांड आणि पुढे फोल्डरचा पाथ, एवढंच टाकलं की यादी समोर येते. एखादी ओळ अशी असते, ग्रुपचं नाव, कोलन, मग कंसात आय, कंसात ओआय, कंसात सीआय, कंसात एम. शेवटचा एम म्हणजे मॉडिफाय, वाचा, लिहा, डिलीट करा. त्या जागी एफ असेल तर फुल कंट्रोल, म्हणजे वर परवानग्या बदलायचा आणि मालकी घ्यायचाही हक्क, जो साध्या युजरला देऊ नये. ओआय म्हणजे ही ओळ आतल्या फाइलींना कॉपी कर, सीआय म्हणजे आतल्या फोल्डरांना. आणि सुरुवातीचा आय सांगतो की ही ओळ इथे कुणी हाताने लिहिलेली नाही, वरून कॉपी होऊन आलीय. पहिल्यांदा हा आयच बघायचा. जिथे तो नाही ती ओळ तिथेच कुणीतरी टाकलीय. शिवाय हाताने लिहिलेल्या ओळी आधी वाचल्या जातात आणि वरून आलेल्या नंतर, त्यामुळे हाताने दिलेली परवानगी वरून आलेल्या डिनायवर, म्हणजे नाकारणाऱ्या ओळीवर, मात करते. ‘डिनाय नेहमी जिंकतो’ हे क्लासमध्ये शिकवतात ते अर्धवट आहे.

परवानगी द्यायची तर स्लॅश ग्रँट. इथे लोक हमखास दोन गोष्टी करतात, ओआय सीआय लिहायचं विसरतात म्हणजे फोल्डर उघडतो पण आतल्या फाइली नाही, नाहीतर जोडीला स्लॅश टी लावतात. स्लॅश टी म्हणजे खालच्या प्रत्येक फाइलवर ही कमांड चालव, म्हणजे प्रत्येक फाइलवर हाताने लिहिल्यासारखी ओळ बसते, आणि उद्या ती वरून काढली तरी खाली चिकटून राहते. इनहेरिटन्स आपोआप होतंच, ग्रँटला स्लॅश टीची गरजच नसते. हा पसारा आवरायचा तर स्लॅश रीसेट, तिथे मात्र स्लॅश टी हवं, हाताच्या ओळी पुसून वरून आलेल्याच ठेवतं. त्याआधी स्लॅश सेव्ह करून सगळ्या याद्या फाइलीत काढून ठेवा. परत टाकताना रीस्टोअरला तो फोल्डर नाही तर त्याच्या वरचा फोल्डर द्यावा लागतो, आणि सेव्हमध्ये मालक कोण ही नोंद येत नाही.

अजून एक डोकेदुखी. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं की झेड ड्राइव्ह गायब! कारण तिथे तुमचं वेगळं टोकन चालू असतं आणि मॅप केलेले ड्राइव्ह पहिल्या टोकनाला बांधलेले. दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, शेअरचं (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव असा पूर्ण पाथ लिहायचा की काम होतं. आणि शेअरला स्वतःची वेगळी परवानगी असते ती निराळी, नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हीपैकी जी कमी तीच मिळते. सर्व्हरवर बसून फाइल सेव्ह होते पण टेबलावरून होत नाही असं झालं की आधी शेअरची परवानगी बघा, सर्व्हर २००३ पासून ती डिफॉल्टने सगळ्यांना फक्त वाचण्यापुरती असते.

लिनक्सवर सेटएफएसीएल या कमांडने फोल्डरला डिफॉल्ट यादी लावली तरी ती नव्या फाइलला जन्मताना कॉपीच होते, पण तिथे जुन्या फाइलींना आपोआप काही होत नाही. वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं, मारणारे दोन्हीकडे आहेत, फक्त विंडोजवाले त्याला एव्हरीवन फुल कंट्रोल म्हणतात. असल्या ड्राइव्हवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं की ते ज्याच्या लॉगिनवर चालतंय त्याला जिथे जिथे लिहिता येतं ते सगळं लॉक करतं, त्याला वेगळं हॅकिंग करावं लागत नाही.

शिळ्या यादीचा त्रास देताना होतो तसा काढून घेतानाही होतो. कुणाला ग्रुपातून काढलं तरी त्याच्याकडचं केर्बेरॉस तिकीट, म्हणजे लॉगिनच्या वेळी मिळालेला ओळखीचा दाखला, डिफॉल्टने १० तास चालतं आणि त्यात जुने ग्रुप तसेच लिहिलेले असतात. शिवाय परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना, उघडून ठेवलेली फाइल तो नंतरही वाचत-लिहीत राहतो. सर्व्हरवर नेट फाइल ही कमांड दिली की कुठली फाइल कुणी उघडून बसलंय ते नंबरांसकट दिसतं, तो नंबर आणि स्लॅश क्लोज दिलं की त्याची फाइल तिथल्या तिथे बंद, फक्त त्यात सेव्ह न केलेलं काम असेल तर पुढचा फोन तुम्हालाच येणार.