कारवी

सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर, पानझडी आणि निमसदाहरित जंगलांच्या सावलीत व कडेकडेने दाट वाढणारे झुडूप. अडुळसा, कोरांटी आणि अबोली ज्या ॲकँथेसी कुलातल्या, त्याच कुलातली ही वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा असे आहे. कारवी आयुष्यात एकदाच फुलते. एका उतारावरची जवळजवळ सगळी झुडपे एकाच पावसाळ्यात फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक आणि गुजरातमधील डांग हा तिचा मुख्य प्रदेश; मध्य भारतात सातपुड्याच्या रांगांतही ती आढळते.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक यांनी १८३२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९४४ मध्ये डच अभ्यासक ब्रेमेकाँप यांनी तिच्यासाठी कार्विया ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली, त्यामुळे जुन्या वनस्पतिकोशांत ती कार्विया कॅलोसा या नावानेही सापडते.

झुडूप साधारण दोन ते चार मीटर उंच होते. खोडे सरळ, अंगठ्याएवढी जाड आणि खरबरीत असतात. पाने मोठी, लांबट, दंतुर कडांची. हात फिरवला की खरखर लागतात, आणि त्यांवरच्या शिरा ठळक उठून दिसतात. ऑगस्टपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत दाट कणसांवर जांभळी-निळी, नळीसारखी फुले येतात. कणसांवर लव असते, ती चिकट असते आणि तिला उग्र वास येतो. फुललेल्या रानातून चालून आलेल्या माणसाच्या कपड्यांना तो वास बराच वेळ राहतो.

न फुलण्याच्या वर्षांत कारवीकडे सहसा कोणी पाहत नाही. पाऊस सुरू झाला की रान हिरवेगार होते, आणि उन्हाळ्यात पाने झडून नुसत्या करड्या काठ्या उभ्या राहतात. असे एकामागून एक पावसाळे जातात.

कारवी ‘दर सात वर्षांनी’ फुलते असे सर्रास लिहिले जाते, तर काही जण आठ वर्षे सांगतात. वाद दिसतो तेवढा खरा नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी मोठा बहर आला, म्हणजे दोन बहरांतले अंतर आठ वर्षांचे. पण २०१६ च्या फुलांचे बी रुजले ते २०१७ च्या पावसात. त्या रोपाने २०२४ मध्ये फूल धरले तेव्हा त्याचे वय सात वर्षे पूर्ण होते आणि तो त्याचा आठवा पावसाळा होता. झाडाचे वय मोजणारा सात म्हणतो, बहर मोजणारा आठ. दोघांचेही बरोबर आहे.

खरी गफलत वेगळीच असते. ‘यंदा कारवीचे वर्ष आहे’ हे विधान संपूर्ण सह्याद्रीला लागू पडत नाही. प्रत्येक डोंगरावरच्या, कधी कधी एकाच डोंगराच्या दोन अंगांच्या कारवीची पिढी वेगळी असते, आणि म्हणून तिचे वर्षही वेगळे. एका घाटात रान जांभळे झालेले असताना शेजारच्या खोऱ्यात नुसती पाने असू शकतात. शिवाय एकाच पिढीतली काही झुडपे वर्षभर आधी फुलतात, काही मागे राहतात. बहराची नोंद करायची तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या नावाने करण्यात फारसा अर्थ नाही. ती उताराच्या नावाने करावी.

फुलोरा ओसरल्यावर बोंडे वाळतात, पण लगेच उघडत नाहीत. झाड मेलेले असते, तरी काठीवर ती बोंडे हिवाळा आणि उन्हाळा काढतात. पुढच्या पावसाचे पाणी लागले की ती तडतड फुटतात आणि बी दूर फेकले जाते. अशा उतारावर पहिल्या सरीनंतर हा आवाज सगळीकडून ऐकू येतो. बी पडते तेव्हा जमीन ओली असते आणि पुढे सगळा पावसाळा असतो; काही दिवसांतच रोपांचा दाट थर उगवून येतो.

सगळ्यांनी एकदमच का फुलावे, याचे एक सर्वमान्य होत गेलेले स्पष्टीकरण भक्षकांशी निगडित आहे. दरवर्षी थोडे थोडे बी धरले तर उंदीर, पक्षी आणि कीटक ते फस्त करतात. अनेक वर्षांनी एकदम प्रचंड बी आले की खाणाऱ्यांची संख्या त्याला पुरी पडत नाही आणि बरेचसे बी उरते. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये बांबूंच्या संदर्भात हा विचार विस्ताराने मांडला होता.

बहराच्या वर्षी सर्वांत मोठी चंगळ मधमाश्यांची. आग्या आणि सातेरी या दोन्ही जातींच्या माश्या कारवीवर तुटून पडतात. या फुलांचा मध दाट आणि गडद असतो. महाबळेश्वर परिसरातल्या मधपाळांना कारवीबरोबरच तिच्या व्हायटी आणि आखरा या भाऊबंदांचाही बहर महत्त्वाचा वाटतो, कारण तीही वर्षानुवर्षे थांबून एकदम फुलणारी झुडपे आहेत.

डोंगराळ भागातल्या लोकांचा कारवीशी रोजचा संबंध मात्र फुलांचा नसून काठ्यांचा आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असत. मेढींच्या (लाकडी खांबांच्या) मधल्या जागेत काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कांबींनी आवळून बांधायच्या आणि आतून-बाहेरून शेणमातीने लिंपायचे. असा कूड हलका असतो, वारा खेळता ठेवतो आणि एखादा भाग कुजला तर तेवढाच बदलता येतो. परसाच्या वईला (कुंपणाला), वेलभाज्यांच्या मांडवाला आणि चुलीलाही याच काठ्या लागतात. सिमेंटच्या विटा आल्यापासून कुडाची घरे कमी होत चालली आहेत. पारंपरिक औषधात पाने सुजेवर वापरली जातात. मुळांतून लुपिऑल हे रसायन वेगळे केले गेले आहे.

उभ्या चढणीवर कारवीच्या दाट जाळीने माती धरून ठेवलेली असते, आणि गिर्यारोहकही चढताना तिचाच आधार घेतात. बहरानंतरच्या वर्षी हा आधार फसवा ठरतो, कारण काठी उभी दिसली तरी मेलेली असते. तिच्यावर भार टाकू नये.

कारवी ज्या स्ट्रोबिलँथस प्रजातीत मोडते, तिच्यात सुमारे चारशे जाती आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावरची टोपली कारवी (स्ट्रोबिलँथस सेसिलिस) ठेंगणी असते आणि उघड्या कातळमाळावर पालथ्या टोपलीसारखे गोल झुबके करते. केरळ-तमिळनाडूच्या उंच गवताळ डोंगरांवरची नीलकुरिंजी (स्ट्रोबिलँथस कुंथियाना) बारा वर्षांनी फुलते. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात २००६ आणि २०१८ मध्ये तिचा बहर झाला. प्राचीन तमिळ संगम काव्यात डोंगराळ प्रदेशालाच कुरिंजी असे नाव आहे.

या चक्रातला सर्वांत नाजूक काळ म्हणजे बहरानंतरचा उन्हाळा. जुनी पिढी संपलेली असते, नवी अजून बोंडांत बंद असते, आणि ती बोंडे वाळक्या, सहज पेटणाऱ्या काठ्यांवर लटकत असतात. त्या चार महिन्यांत उतारावर वणवा गेला किंवा सरपणासाठी सरसकट तोड झाली, तर झाडांबरोबर त्यांचे बीही जाते. एरवीच्या वर्षी लागलेल्या वणव्यापेक्षा हे नुकसान फार मोठे असते. म्हणून फुलांच्या हंगामात पर्यटकांना आवरण्यावर जेवढे लक्ष दिले जाते, तेवढेच पुढच्या मार्च ते जूनमध्ये जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढण्यावर आणि तोड थांबवण्यावर द्यायला हवे.