बारा व्होल्टची बॅटरी आणि चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर

आर्वी, वरूड किंवा वणीच्या बाजारपेठेत मिळणाऱ्या गाडीच्या स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते. तरीही आवाज वाढवला की बोलेरोच्या मागच्या सीटवर तो फाटलेला ऐकू येतो. याचे कारण बॅटरीत आहे. इंजिन सुरू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि एवढ्या व्होल्टेजवर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे फार तर २६ वॅट देता येतात. सर्किटमधील घट वजा जाता विसाच्या आसपास उरतात. छापलेले ५० वॅट मिळतात ते ध्वनिलहरीचे माथे पूर्ण छाटले गेल्यावर, म्हणजे ऐकण्याजोगे काही उरलेले नसताना.

वेगळा ॲम्प्लिफायर या मर्यादेवर उपाय करतो तो आधी व्होल्टेज वाढवून. त्यातील मॉसफेट (अतिवेगवान स्विचसारखे काम करणारे ट्रान्झिस्टर) बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, ट्रान्सफॉर्मर त्याचे व्होल्टेज चढवतो आणि तो पुन्हा एकदिश होऊन अधिक-उणे पंचवीस-तीस व्होल्टचा पुरवठा तयार होतो. ॲम्प्लिफायर घेताना पैसे खरे तर या भागासाठी मोजावेत. चॅनेलची, म्हणजे स्पीकरसाठीच्या स्वतंत्र वाटांची, संख्या त्यानंतर पाहावी.

चारपैकी दोन चॅनेल पुढच्या स्पीकरना देऊन उरलेले दोन ‘ब्रिज’ केले, म्हणजे एकाच स्पीकरला मिळून जोडले, तर त्यांवर सबवूफर (खर्जाचा स्पीकर) चालतो. एका चॅनेलचा सिग्नल उलटा केल्याने स्पीकरवरील व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती तत्त्वतः चौपट होते. मात्र प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच रोध जाणवतो, म्हणून ब्रिजवर दोन ओहमचा सबवूफर जोडणे बहुतेक ॲम्प्लिफायरना झेपत नाही.

एबी वर्गाचा, म्हणजे सिग्नल सलगपणे वाढवणाऱ्या पारंपरिक रचनेचा ॲम्प्लिफायर जवळजवळ निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवतो. त्याने ४०० वॅट द्यायचे तर बॅटरीकडून ८०० वॅट, म्हणजे ५५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. त्यासाठी जाड, अस्सल तांब्याची वायर हवी (तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त) आणि बॅटरीपासून हातभर अंतरातच फ्यूज हवा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सीटखाली मॅटने झाकलेला असा ॲम्प्लिफायर तापून स्वतःच बंद पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डी वर्गाचाच (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून आवाज वाढवणारा) घ्यावा. त्याची कार्यक्षमता ८० टक्क्यांहून अधिक असू शकते.