‘सत्तावन्न’ की ‘पन्नास सात’: वादाची पार्श्वभूमी

जून २०१९. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘सत्तावन्न’च्या जोडीला ‘पन्नास सात’ असं वाचन आलं आणि प्रकरण थेट विधिमंडळात गेलं. जुनी नावं काढलेली नाहीत, हा खुलासा फारसा कुणी ऐकूनच घेतला नाही.

चर्चा अडकली ती ‘जोडाक्षर’ या एका शब्दात. जोडाक्षरं मुलांना जड जातात, असं कारण पुढे आलं; मग मराठीतली सगळीच जोडाक्षरं गाळायची का, असा उलटा सवाल झाला. कारण लंगडंच होतं. ‘पन्नास सात’मध्येही ‘न्न’ आहेच की! खरा मुद्दा क्रमाचा होता आणि नेमका तोच मागे पडला.

पाटीवर ‘पंचवीस’ लिहायला सांगा. मूल आधी ‘पंच’ ऐकतं, पाच लिहितं, पुढे दोन लिहितं. झाले बावन्न. त्याने ऐकलं ते बरोबरच होतं. ‘एकशे पंचवीस’मध्ये तर शतक, मग एकक, मग दशक अशी उलटसुलट उडी. ‘एकोणसाठ’मध्ये ना पाच ऐकू येतो, ना नऊ, साठातून एक वजा करायचा तेव्हा कुठे ५९. हा नियमही नव्व्याण्णवला मोडतो. दोनाचीच रूपं पाहा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. शंभरापर्यंतची नावं मूल जवळजवळ सुटी सुटीच पाठ करतं. अशा चुकीला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

हा क्रम संस्कृतातला: पंचविंशति, एकोनषष्टि. अंक स्थानानुसार लिहायची पद्धत रुळली, तरी बोलायचे शब्द तेच राहिले. शेजारच्या कानडीत मात्र दशक आधी येतो, ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस-पाच.

जर्मनमध्येही एकक आधी येतो आणि तिथल्या मुलांच्या अंक उलटण्याच्या चुकांवर मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये संख्यावाचनाचा क्रमच अधिकृतपणे बदलला. त्यामागचं एक कारण शाळेतलं नव्हतं: टेलिफोन नंबर सांगताना होणारा घोळ. जुनं वाचन तिथे आजही कानावर पडतं.

आपल्याकडच्या विरोधकांचं एक म्हणणं खरं आहे. पाढे, बाजार, आजीचा हिशेब, सगळीकडे ‘सत्तावन्न’च चालतं, आणि ते मुलाला यायलाच हवं. पुस्तकात दोन्ही वाचनं शेजारी शेजारी छापली होती ती याचसाठी.