विमानाचा पेट्रोल कॉक गळतो तेव्हा

जुन्या राजदूतला किंवा बुलेटला टाकीखाली पेट्रोलचा कॉक असायचा: चालू, बंद, रिझर्व्ह. छोट्या विमानातला फ्युएल सिलेक्टर व्हॉल्व्ह त्याच कुळातला आहे. फरक इतकाच की विमानात टाक्या दोन असतात, एकेका पंखात एकेक, आणि इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेऊन उभं राहता येत नाही. कोयना धरणाच्या कामाच्या काळात कराडजवळ धावपट्टी झाली. तिथून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमानं पाहून मुलं पंखांबद्दल विचारतात, इंजिनाबद्दल विचारतात. या कॉकबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर इंजिनापर्यंत जाणारा इंधनाचा प्रत्येक थेंब त्यातूनच जातो.

सेसना १७२ या विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे इंधन स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. त्याच्या सिलेक्टरला डावी, उजवी आणि दोन्ही अशा जागा असतात. पायपरच्या पीए-२८ जातीच्या विमानांचे पंख खाली आणि इंजिन त्यांच्यापेक्षा वर. तिथे पंपानं इंधन ओढावं लागतं, आणि ‘दोन्ही’ ही जागाच ठेवलेली नसते. ती असती आणि एक टाकी रिकामी झाली असती, तर पंपानं भरलेल्या टाकीतलं इंधन सोडून रिकाम्या टाकीतली हवा ओढली असती. वैमानिकाला ठरावीक वेळानं टाकी बदलावी लागते ती म्हणूनच.

हा कॉक हाताशी आणि हलका असणं किती महत्त्वाचं आहे हे १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसलं. गायक जॉन डेन्व्हर स्वतः छोटं विमान चालवत होते. विमान बांधणाऱ्यानं त्यातला सिलेक्टर मूळ आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. टाकी बदलण्यासाठी वळताना त्यांचं विमानावरचं लक्ष आणि ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकी तपास यंत्रणेनं काढला. विमान समुद्रात कोसळलं आणि त्यांचा मृत्यू झाला.

आता गळतीकडे येऊ. पिस्टन इंजिनाच्या विमानात सर्वसाधारणपणे १००एलएल नावाचं पेट्रोल वापरतात. ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घातलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. विमानाच्या पोटाखाली किंवा सिलेक्टरच्या झाकणाभोवती निळसर डाग दिसला की मेकॅनिकला आणखी पुरावा लागत नाही. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर गोष्ट अधिक गंभीर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी एक ठिणगी पुरते. अशा विमानाला ‘एवढी एक फेरी मारून येऊ’ म्हणणं मला अक्षम्य वाटतं.

पण डाग पडणारी गळती निदान दिसते तरी. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या दोन गळत्यांची. खाली पंख असलेल्या विमानात पंप इंधन ओढत असताना नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे सील सैल झालं तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. कुठेही थेंब नाही, डाग नाही. इंजिन मात्र मधूनच अडखळतं. दुसरी गळती व्हॉल्व्हच्या पोटातली. सिलेक्टर ‘डावी’वर आहे, तरी उजव्या टाकीतून थोडं थोडं इंधन झिरपत राहतं. थोड्या उतारावर विमान उभं केलं आणि सकाळी वरच्या बाजूची टाकी उतरलेली, खालची चढलेली दिसली, तर संशय इथेच घ्यावा. मात्र रात्री सिलेक्टर ‘दोन्ही’वरच राहिला असेल तर व्हॉल्व्ह निरोगी असूनही हेच घडतं, म्हणून आधी ते विचारून घ्यायचं.

या सगळ्याच्या मुळाशी बहुधा एक रबरी कडं असतं, ओ-रिंग. मूळ डेन्मार्कचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स ख्रिस्टेन्सन यांना १९३९मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. खाचेत बसवताना ही रिंग जाडीच्या साधारण १० ते २० टक्के दाबली जाते आणि पुन्हा गोल होण्याच्या धडपडीत दोन्हीकडच्या धातूला चिकटून राहते. आतल्या द्रवाचा दाब जास्त असेल तर तो दाबच रिंगेला फटीकडे रेटतो, म्हणजे दाब वाढला की सील आणखी घट्ट होतं. सेसनात मात्र ही मदत मिळत नाही. टाकी व्हॉल्व्हच्या सव्वा मीटर वर धरली आणि पेट्रोलची घनता लिटरला ०.७२ किलो घेतली, तर दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अकराव्या हिश्शाइतका. इतक्या कमी दाबाला रिंग रेटता येत नाही, सगळी भिस्त रबराच्या स्वतःच्या लवचिकतेवर. ती गेली की गळती सुरू.

ती जाते कशी? रबर वर्षानुवर्षं दाबलेल्या अवस्थेत तापत राहिलं की त्याच्या रेणूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि दबलेला आकारच कायमचा होतो. काढलेली जुनी रिंग हातात घेतली तर तिची बाजू चपटी लागते. शिवाय पेट्रोल रबरात शिरून ते फुगवतं आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू बाहेर काढतं. विमान उडत असतं तोवर फुगलेली रिंग घट्ट बसते. ते महिनोन्महिने कोरड्या टाक्यांनिशी पडून राहिलं की रिंग वाळते, आकसते, आणि पुन्हा इंधन भरताच कॉक गळू लागतो. माणदेशातलं किंवा जतकडचं उन्हाळ्याचं ऊन पाहिलेल्याला बंद शेडमधल्या रबराचं काय होत असेल हे सांगावं लागणार नाही. थंडीचाही धोका आहेच. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाचा घात झाला तो गारठ्यानं ताठरलेल्या ओ-रिंगमुळे.

इथे आपल्या उसाचाही संबंध येतो. सातारा-सांगलीच्या कारखान्यांत होणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल काही प्रकारच्या रबरांना विमानाच्या पेट्रोलपेक्षा वेगळ्या रीतीनं फुगवतं आणि पाणीही धरून ठेवतं. रोटॅक्स ९१२सारखी काही हलकी इंजिनं पंपावरच्या पेट्रोलवर चालतात, पण त्यांनाही उत्पादकानं १० टक्के इथेनॉलचीच मुभा दिलेली आहे. परवानगी नसलेलं इंधन टाकीत भरणं म्हणजे सगळ्या सीलांवर एकदम प्रयोग करणं.

दुरुस्ती परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय होत नाही, आणि ते योग्यच आहे. काम हवेशीर जागी चालतं. विमानाला अर्थिंग, बॅटरीची तार सुटी, अग्निशामक हाताशी. टाक्या रिकाम्या करताना इंधन धातूच्या भांड्यात घेतात आणि ते भांडं विमानाला तारेनं जोडतात, कारण वाहत्या पेट्रोलमध्ये स्थिर विद्युतभार साचतो. मग नळ्या सोडवून त्यांची तोंडं बंद करायची, प्रत्येक नळीवर खूण करायची आणि व्हॉल्व्ह बाहेर काढायचा. उघडल्यावर खरी तपासणी सुरू होते. आतल्या फिरत्या भागावर ओरखडे आहेत का, टाकीतल्या पाण्यानं गंज धरला आहे का, प्रत्येक जागी ‘टक’ करून थांबवणाऱ्या खाचा झिजल्यात का? धातूच चरलेला असेल तर नवी रिंगही थोड्याच दिवसांत कापली जाईल. तेव्हा व्हॉल्व्हच बदलायचा.

किर्लोस्करवाडी १९१०मध्ये वसली. तेव्हापासून पंप आणि व्हॉल्व्ह या भागाच्या हातात खेळले आहेत. मिरज-कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये त्याच मापाची रिंग मिळेलही. तरी ती घालू नये. दिसायला एकसारख्या दोन काळ्या रिंगांत रबर वेगळं असू शकतं. नायट्राइल रबरात ॲक्रिलोनायट्राइलचं प्रमाण वाढवलं की ते पेट्रोलला अधिक टिकतं, पण थंडीत लवकर ताठरतं. फ्लोरोसिलिकॉन थंडीत छान, पण घासलं की फाटतं, म्हणून फिरत्या भागाला ते चालत नाही. कोणतं कुठे घालायचं हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि सुट्या भागासोबत त्याचं प्रमाणपत्र यावं लागतं. साधं ग्रीसही चालत नाही, ते पेट्रोलमध्ये विरघळतं. पेट्रोलला दाद न देणारं वंगणच लागतं. नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेप तर हातात घेऊच नये. तिचा एक तुकडा सुटून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात अडकला की गळती बरी होती असं म्हणायची वेळ येईल.

माझ्या मते या कामाचा सगळ्यात अवघड भाग व्हॉल्व्ह परत बसवल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा घाई होते. आधी पुस्तिकेत दिलेल्या हलक्या दाबाची हवा सोडून साबणाचं पाणी लावायचं, तेही सिलेक्टरच्या प्रत्येक जागी वेगळं. मग इंधन भरून विमान रात्रभर उभं करायचं. सकाळी सांधे कोरडे हवेत आणि दोन्ही टाक्यांची पातळी आदल्या दिवशीइतकीच हवी. ‘डावी’ लिहिलं आहे तिथे खरोखर डाव्याच टाकीतून इंधन येतं ना, हेही पाहायचं; दांडी उलटी बसण्याची चूक होऊ शकते. शेवटी जमिनीवरच इंजिन सुरू करून एकेका टाकीवर चालवायचं आणि सिलेक्टर बंद करायचा. इंजिन लगेच थांबणार नाही, नळीतलं आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं इंधन संपेपर्यंत ते चालेल. तेवढा वेळ उलटूनही ते फिरतच राहिलं तर व्हॉल्व्ह आतून अजून गळतो आहे. मग नळ्या पुन्हा सोडवायच्या. ते थांबलं तरच लॉगबुकात नोंद करून सही करायची.