फिनेल, दमा आणि मधली शंभर वर्षं

1896 च्या प्लेगात मुंबईची गटारं कार्बोलिक ॲसिडने (तेव्हाचं उग्र वासाचं जंतुनाशक) धुतली, घरांना चुना मारला. डोक्यात जाणारा वास म्हणजे स्वच्छता हे आपल्याकडे तेव्हापासूनच बसलं असावं असं आपलं मला वाटतं, आजही जिन्यात तो वास आला नाही तर लोक विचारतात आज झाडूवाला आला नाही का.

सगळा घोळ 'फिनेल' या शब्दाचा आहे. काळं फिनेल निघतं कोळशाच्या डांबरापासून, पांढरं बहुतेक वेळा पाइन ऑइलचं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं, आणि गुलाब-मोगऱ्याच्या वासाचं जे सुटं मिळतं त्यात बरेचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक आणि सेंट एवढंच. नाव एक आणि माल तीन! यातलं बेंझाल्कोनियम हॉस्पिटलात सफाई करणाऱ्यांच्या दम्याशी जोडलं गेलंय, त्यामुळे "फिनेलने दम लागतो" एवढं सांगून डॉक्टरला काहीच कळत नाही.

त्यात आपण सगळ्यालाच ॲलर्जी म्हणतो. 1985 मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी वेगळंच मांडलं, की ॲलर्जी नसतानाही एकदाच भरपूर झोंबणारा गॅस छातीत गेला की 24 तासांत दम्यासारखा त्रास सुरू होतो आणि महिनोन् महिने राहतो. डक्टकडे उघडणारी वीतभर खिडकी, बाथरूममध्ये ब्लीच, वर ॲसिड ओतलं की क्लोरीन, म्हणजे आलंच ते. ॲसिडच्या सुट्या विक्रीवर 2013 मध्ये कोर्टाने बंधनं आणली, पण ती ॲसिडहल्ल्यांमुळे, फुप्फुसांचा त्यात विषयच नव्हता.

घरातल्या सफाईच्या स्प्रेवर बोट आलं 2007 मध्ये, युरोपातल्या 10 देशांच्या अभ्यासातून. मग 2018 चा, 6,235 लोक, 20 वर्षं: सफाई करणाऱ्या बायकांची फुप्फुसं जास्त वेगाने कमजोर झाली, पुरुषांत तसं दिसलं नाही. पेपरांनी लगेच "रोज 20 सिगारेटी ओढल्यासारखं" छापलं, पण कधीच साफसफाई न करणाऱ्या बायका त्यात मोजक्याच होत्या (मिळणार कुठून), मग तुलना तरी कोणाशी करणार. 2020 मध्ये कॅनडात निघालं की घरात क्लीनर जास्त वापरले तर तान्ह्या बाळांना पुढे दम्याचा धोका जास्त आणि नेमकं त्याच वर्षी आपण लिफ्टच्या बटणापासून भाजीपर्यंत सगळ्यावर हायपोक्लोराइट (ब्लीचमधलंच रसायन) मारत होतो.

गंमत म्हणजे 2007 चा अभ्यास ज्या सर्व्हेतून निघाला त्याच्या पहिल्या फेरीत, नव्वदीच्या सुरुवातीला, मुंबईसुद्धा होती. स्प्रेचे आकडे मात्र पुढच्या फेरीतले, तिच्यात मुंबई नव्हती, त्यामुळे दिवसाला पाच-सहा घरांची लादी पुसणारी आपली बाई त्यात नाही.